पडलेल्याला हात

रुचिता पालघरजवळच्या माहीमला गेली ती खेळायला म्हणून नव्हे. तिला धीरजला गाठायचं होतं.

तिचा भाऊ निमेश गेल्यापासून धीरज तिच्यासमोर आला नव्हता. दोघं तारापूरच्या एकाच कारखान्यात, एकाच शिफ्टला, एकाच मोटारसायकलवरून जाणारे. निमेश नवापूरचा, धीरज मुरब्याचा. पण दोघांचं असं गूळपीठ की धीरजचा डबासुद्धा कधीकधी रुचिताची आईच भरून द्यायची. तो धीरज मयताला आला तेव्हा लांब सुरूच्या झाडाखाली उभा राहिला आणि चिता पेटल्यावर कुणाशी न बोलता निघून गेला. त्यानंतर फोन नाही, निरोप नाही. रुचिताने फोन केला की नुसता वाजत राहायचा.

कारखान्यातून दोन माणसं घरी आली होती. इस्त्रीच्या कपड्यातली, मांडी घालून बसता येत नव्हतं म्हणून पायरीवर टेकलेली. त्यांनी तिच्या वडिलांना, एकनाथला, सांगितलं, "टाकी साफ करायची होती. निमेश परवानगी न घेता स्वतःच आत उतरला. आत गॅस होता. जागीच गेला हो. त्याला काही कळलंसुद्धा नसेल."

आईने, वत्सलाने, त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं धरून ठेवलं. भेटायला येणाऱ्या बायांना ती तेच सांगायची, "त्याला काय कळलं पन नाय. एका झटक्यात गेला माजा पोर." ते सांगताना तिला जरा श्वास घेता यायचा.

रुचिताला मात्र ते वाक्य गिळवत नव्हतं. ती बोईसरला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. दिवसभर लोकांचे हात बघायचे, शीर शोधायची, हेच तिचं काम. निमेशला घरी आणलं तेव्हा चादरीतून त्याचा उजवा हात बाहेर आला होता, आणि तो आत सारताना तिने पाहिला. बोटांची टोकं सोललेली. नखांत काळा गाळ आणि गंज. दोन नखं मुळापासून उचकटलेली. जागीच गेलेल्या माणसाची नखं अशी होत नाहीत, एवढं तिला कळत होतं. ती कारखान्याच्या गेटवर दोनदा जाऊन आली. वॉचमनने आत सोडलं नाही. उरला धीरज. आणि धीरजच्या तोंडाला कुलूप.

मग एक दिवस जागृतीचा फोन आला.

जागृतीला ती एकदाच भेटली होती, तेराव्याला. माहीमची मुलगी, पालघरला क्लासमध्ये गणित शिकवायची. सुट्टीच्या दिवशी तिच्या वाडीत चारजण जमून एक खेळ खेळायचे: ती, तिचा नवरा ललित, धीरज आणि निमेश. निमेश घरातून निघताना "फासे खेळायला चाललो" म्हणायचा, तेव्हा एकनाथ भडकायचा. त्याला वाटायचं पोरगा जुगाराला लागला. "बाबा, जुगार नाय ओ," निमेश हसायचा. "आमी गोष्ट खेळतो."

"रुचिता," जागृती फोनवर म्हणाली, "राग येणार असेल तर येऊ दे, पण विचारते. आमचा खेळ ऐन लढाईत थांबलाय. निमेशचा माणूस अजून पटावर उभा आहे. त्याला काढून टाकायला कुणाचा हात धजत नाही, आणि तसंच ठेवून पुढे खेळवतही नाही. घरातलं कुणी येऊन बसलं असतं तर…"

"धीरज येणाराय?"

"येतो म्हणालाय. तू येशील हे त्याला सांगितलेलं नाही."

"नको सांगूस," रुचिता म्हणाली. "मी येते."

*

माहीमची ती वाडी सुपारीच्या झाडांनी भरलेली. अंगणात सोललेल्या सुपाऱ्या वाळत घातलेल्या, आणि ओट्यावर चटई अंथरून मधोमध चौकटी आखलेलं एक कापड. त्यावर बटणं, बुद्धिबळातली प्यादी आणि एक छोटा शिंपला.

"हा निमेशचा," ललितने शिंपल्याकडे बोट केलं. पालघरला मोबाइल दुरुस्त करणारा हा माणूस, बोलका. पण त्या दिवशी त्याला शब्द सापडत नव्हते. "मंगळ्या तांडेल. म्हणजे… खेळातलं नाव."

"आमच्या आजोबांचं नाव आहे ते," रुचिता म्हणाली.

धीरज आला तो थेट ओट्यापर्यंत आला आणि तिला बघून पायरीवरच थबकला. किती वाळला होता! गालांची हाडं वर आलेली, डोळे लाल. एक पाय मागे गेला त्याचा. रुचिताला वाटलं, आता हा पळणार. पण तेवढ्यात खोकल्याची उबळ आली आणि त्याला खांब धरून उभं राहावं लागलं. ललितने उतरून त्याला दंडाला धरून वर आणला.

"ताई," धीरज एवढंच म्हणाला. आणि तिच्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात बसला.

रुचिताने त्याला काही विचारलं नाही. विचारलं तर उठून जाईल, हे तिला दिसत होतं. ती जागृतीकडे वळली. "मला शिकव. कसं लढायचं असतं?"

जागृतीने फासे पुढे केले. साधे सहा तोंडांचे होते, आणि एक वेगळाच, बोराएवढा, वीस तोंडांचा.

"लढाई लागली की सगळ्यांनी एकदम ओरडायचं नाही," ती सांगू लागली. वर्गात शिकवावं तसं, सावकाश. "फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीत प्रत्येकाची एकदा पाळी येते. आधी सगळ्यांनी हा वीसचा टाकायचा. ज्याला जास्त, तो पहिला. आपली पाळी आली की एकदा हलता येतं आणि एक काम करता येतं. चालत जाऊन वार कर, नाहीतर चालत जाऊन दार लाव. दोन्ही नाही. एकच काम."

"आणि वार?"

"वीसचा टाकायचा, त्यात आपलं बळ मिळवायचं. समोरच्याच्या चिलखताचा आकडा गाठला की घाव लागला. किती लागला ते सहाच्या फाशावर. प्रत्येकाला ठरावीक जीव दिलेला असतो, तेवढा घाव त्यातून कमी होतो."

"जीव संपला की मेला?"

"नाही. जीव संपला की माणूस पडतो. मरत नाही." जागृतीने बोलता बोलता धीरजकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "पडलेल्याने आपली पाळी आली की श्वासाचा फासा टाकायचा. दहा किंवा वर पडलं तर श्वास टिकला. खाली पडलं तर एक श्वास गेला. असे तीन गेले की संपलं. पण मधे कुणी आपली पाळी खर्च करून त्याच्यापर्यंत पोचलं आणि त्याला हात लावला, तर श्वासाचे फासे थांबतात. तो वाचतो."

"म्हणजे पडलेल्याला कुणीतरी हात लावायला लागतो."

सुपारीच्या शेंड्यावर पोपटांचा कलकलाट चालला होता.

नियम सोपे होते, पण खेळणं सोपं नव्हतं. खाडीच्या तोंडावरचा एक किल्ला, खालून लुटारू चढून आलेले. खालचा दरवाजा अर्धा उघडा. तो लावायचा तर कुणाला तरी तिथपर्यंत जावं लागणार. ललितचा शिपाई दरवाज्यापाशी झुंजत होता. धीरजचा धनगर काठी घेऊन पायऱ्यांवर. आणि मंगळ्या तांडेल दरवाज्याच्या बाहेर, एकटा, कारण मागच्या खेपेला निमेशने हट्टाने त्याला बाहेर काढलं होतं.

"बाहेर कशाला गेला होता?" रुचिताने विचारलं.

"होडीची दोरी कापायला," ललित म्हणाला. "म्हणजे त्यांना परत जाता येणार नाही. आम्ही सांगत होतो, नको जाऊ. ऐकतोय कुठला!"

रुचिता नकळत हसली. अगदी निमेशच तो.

तिने पहिला फासा टाकला आणि सतरा पडले. घाव लागला. ललितने मांडीवर थाप मारली. पुढच्या फेरीला तिने दुसरा लुटारू लोळवला, आणि तिच्या ध्यानात आलं की आपण पुढे वाकून बसलोय, आपली मूठ घामेजलीय. निमेशला यात काय मिळत असेल ते तिला पहिल्यांदा कळलं. दिवसभर टाक्या, नळ्या, नाकात शिरणारा उग्र वास, आणि वरच्यांच्या शिव्या. इथे आपली पाळी आली की सगळेजण थांबून आपण काय करतो ते बघतात.

मग लुटारूंची पाळी आली. जागृती त्यांचे फासे सगळ्यांसमोर उघड्यावर टाकायची, हा तिचा शिरस्ता. दोन वार लागले. दुसऱ्यावर वीस पडला. वीस म्हणजे दुप्पट घाव.

"मंगळ्या पडला," जागृती हळू म्हणाली.

श्वासाचा पहिला फासा: चार. पुढच्या फेरीला दुसरा: सात.

"एकच श्वास उरला," ललित म्हणाला. "धीरज, तुझी पाळी. ऐक, तू दरवाज्याच्या अंगाला आहेस. दरवाजा लाव. आणखी पाचसहा चढतायत खालून. दरवाजा लागला तर आपण दोघं तरी वाचतो."

धीरज कापडाकडे बघत होता. एवढा वेळ तो यांत्रिकपणे फासे टाकत होता, मान वर न करता. आता त्याने आपलं बटण उचललं आणि दरवाज्याबाहेर नेलं.

"अरे, काय करतोस?"

"मी त्याच्याकडे चाललो."

"मधे दोन लुटारू आहेत," जागृतीने सांगितलं. नियम म्हणजे नियम, ती तो मोडत नसे. "त्यांच्या पुढ्यातून गेलास तर दोघंही पाठीवर वार करतील."

"करू दे."

"दरवाजा उघडा राहील, धीरज!" ललित म्हणाला. "सगळे मरू!"

"राहू दे उघडा!" धीरज एकदम ओरडला. ओट्यावर सगळे दचकले. "राहू दे ना उघडा! नेहमी दार, नेहमी आधी दार! तो पडलाय तिथं!"

जागृतीने फासे टाकले. दोन्ही वार लागले. धीरजच्या धनगराचा जीव कणभर उरला.

"पोचलास," ती म्हणाली. "काम शिल्लक आहे तुझं."

"हात लावला," धीरज म्हणाला. त्याने खरोखरच बोट पुढे करून शिंपल्याला टेकवलं आणि ते तिथून काढलंच नाही. "लावला हात. लावला मी." आणि मग त्याला हुंदका फुटला, हुंदक्यात खोकला मिसळला, आणि खोकता खोकता तो रुचिताकडे बघून म्हणाला, "ताई, मी गेलो होतो ओ आत. मी गेलो होतो."

*

त्याला पाणी पाजून शांत केल्यावरही त्याचं बोलणं मधूनच सुरू व्हायचं आणि मधेच तुटायचं. आधी शिडीबद्दल बोलला, मग फोनबद्दल, मग पुन्हा शिडी. कशाला धरबंध नव्हता. शेवटी रुचिता उठून त्याच्यासमोर बसली.

"धीरज, पहिल्यापासून सांग. आत्ता खेळलो तसं. आधी कोणाची पाळी, त्याने काय केलं. मग कोणाची."

त्याने डोळे पुसले. असं सांगणं त्याला जमलं.

पहिली पाळी शिफ्ट इन्चार्जची. टाकीत गाळ साचला होता, वरून घाई होती. आत गॅस आहे की नाही ते बघायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. तो म्हणाला, थोडक्याचं काम आहे, उतर. निमेश म्हणाला, साहेब, पट्टा आणि दोर तरी द्या. पट्टा मिळाला, दोर सापडला नाही. निमेश उतरला, परवानगी न घेता नव्हे, सांगितलं म्हणून उतरला. धीरज वर तोंडापाशी उभा. थोड्या वेळाने खाली फावडं पडल्याचा आवाज आला.

"मग माझी पाळी," धीरज म्हणाला. "मी ओरडलो. वाकून बघितलं. शिडी धरून होता तो, ताई. गुडघ्यावर. वर यायला बघत होता, हात घसरत होते."

रुचिताने स्वतःची बोटं पदराआड घट्ट मिटून घेतली.

मग इन्चार्जची पाळी. तो म्हणाला, कोणी आत जायचं नाही. "ते बरोबरच होतं," धीरज म्हणाला. "तोंडाला हवेचा संच लावल्याशिवाय गेलं तर जाणारा पण मरतो, आम्हाला शिकवलेलं. पण संच कपाटात होते. कपाटाला कुलूप. चावी सेफ्टीच्या साहेबांकडे, आणि साहेब घरी गेलेले." म्हणून धीरज म्हणाला, अग्निशमनला फोन करा, त्यांच्याकडे संच असतात, जवळच आहेत. इन्चार्जने फोन काढला आणि लावला तो मॅनेजरला. मॅनेजर म्हणाला, बाहेर कुणाला कळवू नका, मी येतोय, चावी आणवतो. बाहेरची गाडी गेटातून आत आली की प्रकरण कागदावर येतं.

"मग कोणाची पाळी?"

"कोणाचीच नाही," धीरज म्हणाला. "तेच तर. सगळे उभे. मी कुलूप तोडायला बघत होतो, दोघांनी धरून ठेवला. खालून त्याचा आवाज येत होता. शब्द नाही, नुसता आवाज. मग माझ्याने राहवेना. मी रुमाल भिजवला, तोंडाला बांधला आणि उतरलो."

काखेत हात घालून त्याने निमेशला शिडीवर रेटलं. वरच्यांनी मग ओढून घेतलं. वर आला तेव्हा निमेशचा श्वास चालू होता. त्यांनी रुग्णवाहिका बोलावली नाही, कंपनीच्या टेम्पोत घातला. वाटेत संपला. धीरजलाही त्या रात्री दवाखान्यात ठेवलं होतं, पण कुठे, हे कुणाला सांगितलं नाही. तिथे मॅनेजर येऊन उशाशी बसला. फार मायेने बोलला. म्हणाला, तू आत गेलास हे कुणाला कळलं तर पोलीस म्हणतील, तुझ्याच हातून तो वर काढताना पडला. आम्हालाही तसंच सांगावं लागेल. तेव्हा तू तिथे नव्हतास. पोरगा जागीच गेला.

"मी भ्यालो, ताई," धीरज म्हणाला. "आणि काकींना तोंड दाखवायला गेलो असतो तर खोटं बोलता आलं नसतं."

अंगणात ऊन कलायला लागलं होतं. जागृतीने कापड तसंच ठेवलं. त्यावरचं काही हलवलं नाही.

"अपघाताच्या चौकशीला सरकारी साहेब येणार आहेत पालघरला," रुचिता म्हणाली. "त्यांच्यापुढे हे असंच सांगशील? पाळीपाळीने?"

धीरजने मान डोलावली.

*

चौकशीला एकनाथला बोलावणं होतं. धीरजच्या तोंडून त्याने ते सगळ्यांदेखत पहिल्यांदा ऐकावं, हे रुचिताला बरं वाटेना. म्हणून आदल्या दिवशी सकाळी तिने आईबाबांना समोर बसवलं आणि सांगितलं. जेवढं सोसेल तेवढं.

एकनाथ ऐकून उठला, बंदरावर गेला आणि जाळ्यांच्या ढिगावर बसून राहिला. वत्सला मात्र जागची हलली नाही. पोरीकडे असं बघत राहिली, जणू तिनेच काही चोरून नेलं होतं.

"तुला कनी सांगितलेलं, खणून काढ म्हणून?" ती म्हणाली. "एका झटक्यात गेला, येवढंच व्हतं माज्याकडं. तेवढ्यावर मी निजत व्हते. ते पन नेलंस."

"आई, ते खोटं होतं."

"असू दे ना खोटं. तुजं काय जात व्हतं?"

त्यानंतर वत्सला तिच्याशी बोलायची थांबली. ताटात भात वाढायची, डबा भरून ठेवायची. पण शब्द नाही. रुचिता लॅबमधून घरी आली की आई मागल्या दारी निघून जायची.

धीरजने चौकशीत सगळं सांगितलं. घाबरत, अडखळत, पण क्रम न चुकता. साहेबांनी मधे मधे थांबवून विचारलं, त्याने उत्तरं दिली. रुचिता बाहेरच्या बाकावर बसली होती. उघड्या दारातून तिला त्याचा खोकला तेवढा ऐकू येत होता.

आणि झालं काय? शिफ्ट इन्चार्जला अटक झाली. तो वापीकडचा माणूस, दोन लहान लेकरांचा बाप, पंधरवड्यात जामिनावर सुटला. मॅनेजर म्हणाला, मला असा काही फोनच आला नव्हता. मला घटना नंतर कळली. धरून ठेवणारे दोघं बिहारकडचे, ठेक्यावरचे. ते गावी गेले म्हणे, आणि कुठलं गाव ते कुणाला माहीत नाही. टाकी काही दिवस सील होती, मग उघडली. तारखा पडत राहिल्या. धीरजला ठेकेदाराने गेटवरूनच परत पाठवलं, आणि मग एमआयडीसीत जिथे जिथे तो काम मागायला गेला तिथे नाव विचारून झालं की जागा भरलेली असायची. तशी त्याची छाती आता कुठल्या कामाची राहिलीही नव्हती. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं होतं, जेवढं बिघडलंय तेवढं परत येणार नाही.

"खेळ पुरा करू या," एकदा त्यानेच जागृतीला फोन केला. "अर्धवट नको."

म्हणून ते पुन्हा ओट्यावर जमले. जागृतीने विचारलं, "धीरज, नवे लुटारू कमी करू का? कुणाला कळणार नाही."

"आपल्याला कळेल," तो म्हणाला. "नियमाने खेळ."

नियमाने खेळले. दरवाजा उघडा होता. त्यातून लुटारू आत घुसले. ललितच्या शिपायाने दोघांना लोळवलं आणि मग तोही पडला. धीरजचा धनगर पुढच्याच वारात पडला. मंगळ्याला हात लागला होता, तो उठून बसला होता, जीव एक. रुचिताने आपली पाळी धनगराकडे जायला खर्च केली. तिच्याही पाठीवर वार बसले आणि ती वाटेतच पडली. मग तिघांनी एकामागून एक श्वासाचे फासे टाकले. कुणी कुणाला हात लावायला उरलं नव्हतं. शेवटचा फासा रुचिताचा होता, तीन पडले.

"किल्ला पडला," जागृती म्हणाली आणि कापडाची घडी घालू लागली.

कुणी रडलं नाही. ललित म्हणाला, "चहा टाकतो." रुचिता फासे गोळा करत होती. तिने मान न उचलता विचारलं, "धीरज, माझ्या आईकडे येशील?"

"काकी मला घरात घेतील?"

"माहीत नाही. माझ्याशीसुद्धा बोलत नाही ती. पण तिच्या डोळ्यांत मला दिसतं. तिला काहीतरी विचारायचंय, आणि ते तू सोडून कुणाला विचारता येणार नाही."

*

नवापूरला किनाऱ्यालगत बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून टांगलेले. वत्सला त्यातले ओले पुढे घेत होती. एकनाथ शेजारी जाळं शिवत बसला होता. धीरजला येताना बघितलं तसं त्याने सुई जाळ्यात खोचली, उठला, आणि त्याच्याकडे न बघता पुळणीवरून भरतीच्या रेषेपर्यंत चालत गेला. तिथे पाठमोरा उभा राहिला.

धीरज वत्सलाच्या पुढ्यात वाळूवर बसला. तिने हातातलं काम थांबवलं नाही. रुचिता जरा लांब उभी होती. जवळ जावं की जाऊ नये, तिला कळेना.

"तू उतरलास तवा जागा व्हता तो?" वत्सलाने विचारलं.

"होय, काकी."

"तुला वलखलं?"

"वळखलं."

तिचे हात थांबले. "काय बोलला?"

धीरजने हे चौकशीत सांगितलं नव्हतं. माहीमच्या ओट्यावरही नाही. आता त्याने ते नीट सांगितलं. "मी त्याच्या काखेत हात घातला ना, तर मला म्हणाला, तू कशाला आलास? जा वर, मरशील. दुसरं काय बोलला नाय. मला ढकलत होता, काकी. त्याच्यात जोरच नव्हता, तरी ढकलत होता."

वत्सला खाली बसली. बोंबलाच्या खारट पाण्याने ओला झालेला हात तिने तोंडावर धरला, आणि जो आवाज तिने त्याच्या मयतातही काढला नव्हता तो आता काढला. शेजारच्या वलांडीवरच्या बाया धावत आल्या. रुचिताने हातानेच त्यांना लांब थांबवलं. भरतीच्या रेषेवर एकनाथची पाठ हलत होती, पण तो मागे वळला नाही.

ती रडायची थांबली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. धीरज जागचा उठला नव्हता. तिने पदराने तोंड पुसलं, त्याच्या वाळलेल्या मनगटाकडे पाहिलं, आणि कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा लेकीला नावाने हाक मारली.

"रुचिता, त्याला जेवाय वाढ. कालवन गरम कर."

रुचिता घरात गेली आणि तिने चूल पेटवली.